जुन्या वायरलेस सेटची फ्रिक्वेन्सी मर्यादा कशी ओळखावी? पट्टीवरचा नेमका हवा तो अंक पुसला आहे

दुधनाकाठ (जालना)

नमस्कार मंडळी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांसाठी कुठून कुठून भंगार येते आणि त्यात लोखंडाखेरीज काय काय हाती लागते, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. अशाच एका भंगार व्यापाऱ्याकडून मी गाडीत बसवायचा एक जुना केनवुड वायरलेस सेट घेतला आहे. सोबत माईक आणि लोखंडी ब्रॅकेट मिळाले आहे. वीजपुरवठ्याची वायर मागून वीतभर ठेवून तोडलेली आहे आणि अँटेना मिळालेला नाही.

अडचण अशी आहे की सेटच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर ‘टीके-’ एवढे स्पष्ट दिसते, त्यापुढचा एक अंक ब्रॅकेटला घासून पार गेला आहे आणि त्यानंतरचे ‘१०२’ पुन्हा नीट वाचता येते. व्यापाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, “पोलिसांच्या गाडीत असतो तसला आहे,” आणि त्यापलीकडे त्याला काही सांगता आले नाही. मी हौशी रेडिओच्या परीक्षेची तयारी करत आहे. परवाना मिळाल्यावर हा सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालेल की ४३४ ते ४३८ च्या, की दोन्हींत चालणार नाही, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. घरी बारा व्होल्टची बॅटरी आहे. ती जोडून माईकचे बटण दाबून पाहिले तर काही अंदाज येईल का?

गोदातीर (नांदेड)

बटण दाबू नका. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा भार) न जोडता प्रक्षेपण केले, तर बाहेर जायची शक्ती परत फिरते आणि शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर जळू शकतो. जुन्या सेटमध्ये संरक्षक मंडल शाबूत असेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. त्या सेटमध्ये आधीच्या मालकाला मंजूर झालेल्या फ्रिक्वेन्सी अजून भरलेल्या असणार. त्या एखाद्या कारखान्याच्या असतील, रुग्णवाहिकेच्या असतील किंवा खरोखर पोलिसांच्याही असतील. तुमच्या एका दाबण्याने कोणाच्या संभाषणात व्यत्यय येईल, हे तुम्हाला आधी कळण्याचा काही मार्ग नाही.

आता अंकाविषयी. तुमच्या पट्टीवर जो अंक गेला आहे, त्याच अंकात तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर होते. केनवुडच्या गाडीतल्या व्यावसायिक सेटांत ‘टीके-७’ ने सुरू होणारे मॉडेल व्हीएचएफ (ज्यात तुमचा १४४ चा पट्टा येतो) असते आणि ‘टीके-८’ ने सुरू होणारे यूएचएफ (ज्यात ४३४ चा येतो). टीके-७१०२ आणि टीके-८१०२ ही जुळी भावंडे आहेत, म्हणून बाहेरून पाहून फरक सांगणे कठीण जाते. हातातल्या सेटांत हीच विभागणी २ आणि ३ या अंकांनी होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत आपल्याकडे नियम असाच राहिला आहे की, सूट दिलेली उपकरणे सोडली तर रेडिओ उपकरण नुसते ताब्यात ठेवायलाही अनुमती लागते. परवाना हाती येईपर्यंत सेट एखाद्या परवानाधारक हॅमकडे, म्हणजे हौशी रेडिओचालकाकडे, राहिलेला बरा. हवे असल्यास मी मदत करीन.

सोल्डरची वाफ (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर यांनी पट्टा सांगितला, परंतु दुधनाकाठ यांनी मर्यादा विचारली आहे आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा इथेच घोळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘यूएचएफ आहे’ एवढे कळल्याने सेट आपल्या कामाचा आहे असे ठरत नाही. व्यावसायिक सेट सबंध पट्ट्यासाठी बनवलेले नसतात, त्यातल्या एका तुकड्यासाठी बनवलेले असतात. सेटच्या आत फ्रिक्वेन्सी निर्माण करणारा ऑसिलेटर ज्या हद्दीत स्थिर राहतो आणि ग्रहणाच्या बाजूचे फिल्टर ज्या हद्दीत सिग्नल आत येऊ देतात, ती त्या सेटची खरी मर्यादा होय. म्हणून एकच मॉडेल ४०० ते ४७० या आवृत्तीतही मिळते आणि ४५० ते ५२० या आवृत्तीतही मिळते. दोन्ही यूएचएफच, पण आपल्याकडच्या ४३४ ते ४३८ या हौशी पट्ट्यासाठी पहिली उपयोगाची आणि दुसरी निरुपयोगी. व्हीएचएफमध्ये १३६ ते १७४ ची आवृत्ती असेल तर काही चिंता नाही, १४५ त्यात आरामात बसते. मात्र जुन्या काही सेटांत व्हीएचएफचेही दोन तुकडे असत, त्यांतला वरचा तुकडा १४६ च्या पुढेच सुरू होई, आणि मग आपला दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ चा, पट्टा नेमका उंबरठ्याबाहेर राही.

ही माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने पट्टीवर लिहिते. मोटोरोलाच्या जुन्या जीएम३०० मध्ये मॉडेल क्रमांक ‘एम३३जीएमसी’ असा सुरू झाला तर व्हीएचएफ आणि ‘एम३४जीएमसी’ असा सुरू झाला तर यूएचएफ; म्हणजे दोन अंकांपैकी दुसरा अंक पाहायचा. त्यानंतरच्या जीएम३३८ सारख्या पिढीत सुरुवातीच्या अंकांनंतर येणारे अक्षर बोलते: ‘के’ असेल तर १३६ ते १७४, ‘आर’ असेल तर ४०३ ते ४७०, ‘एस’ असेल तर ४५० च्या पुढचा तुकडा. आयकॉमच्या आयसी-एफ५०२१ आणि आयसी-एफ६०२१ या जोडीत पहिला व्हीएचएफ आणि दुसरा यूएचएफ आहे. व्हर्टेक्स स्टँडर्डच्या काही सेटांत तर मॉडेलचे नाव दोन्ही पट्ट्यांना एकच असते आणि मर्यादा फक्त नावापुढच्या शेपटीत लिहिलेली असते. त्यामुळे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले नाव वाचून सेट विकत घेणारा माणूस बहुतेकदा अर्धवट माहितीवर पैसे मोजत असतो. खालची पट्टी पूर्ण वाचल्याशिवाय मी स्वतः सेटला हात लावत नाही.

केनवुडच्या पट्टीवर मॉडेलखेरीज आवृत्तीची खूणही असते. तुमच्या पट्टीवर अनुक्रमांकाजवळ काही अक्षर किंवा फ्रिक्वेन्सीचा उल्लेख शिल्लक आहे का, ते तिरप्या उजेडात पाहा. शाई गेली तरी छपाईचा उठाव कधी कधी राहतो.

मांजरापट्टा (लातूर)

मी साखर कारखान्यात शेतकी विभागात काम केले आहे, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात गट कार्यालयांशी आणि शिवारात फिरणाऱ्या जीपशी बोलायला व्हीएचएफ सेट होते, कारण उघड्या माळरानावर आणि नदीकाठच्या सपाट मुलखात ते लांबवर ऐकू येत. काट्यापासून गव्हाणीपर्यंत आणि कारखान्याच्या आत मात्र हातातले यूएचएफ सेट वापरत, कारण लोखंडी सांगाड्यांच्या आणि भिंतींच्या फटींतून लहान तरंगलांबीचा सिग्नल त्यामानाने बरा वाट काढतो. गाडीतला सेट असेल तर मी आधी व्हीएचएफ म्हणूनच धरून चालेन. दुधनाकाठ, तो सेट कुठून आला आहे हे व्यापाऱ्याकडून काढता आले तर पाहा.

गोदातीर (नांदेड)

मांजरापट्टा यांचा अनुभव खरा आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष काढण्यात धोका आहे. शहरातल्या टॅक्सी, सुरक्षा कंपन्या आणि मोठी बांधकामे यांच्या गाड्यांत यूएचएफ सेट भरपूर होते, आणि जालन्याला येणारे भंगार काही फक्त मराठवाड्यातले नसते.

याच ओघात लोक जे आणखी दोन पुरावे देतात तेही कच्चे आहेत. पहिला म्हणजे अँटेनाचा खटका (अँटेना जिथे जोडतात तो कनेक्टर): तो एकाच कंपनीत बाजारपेठेप्रमाणे बदलतो, पट्ट्याप्रमाणे बदलेलच असे नाही. दुसरा म्हणजे सोबत मिळालेल्या अँटेनाची लांबी. साधा पाव तरंगलांबीचा अँटेना १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४९ सेंटिमीटर आणि ४३६ ला सुमारे १६ सेंटिमीटर भरतो हे खरे, परंतु यूएचएफचा अधिक लाभाचा, मध्ये गुंडाळी असलेला अँटेना लांबीने व्हीएचएफच्या साध्या अँटेनाएवढा दिसू शकतो. शिवाय भंगारात कोणाचा अँटेना कोणाच्या सेटला बांधलेला असेल, हे कोण सांगणार?

दुधनाकाठ (जालना)

सर्वांचे आभार. सोल्डरची वाफ यांनी सांगितल्याप्रमाणे मोबाइलचा टॉर्च पट्टीच्या कडेने धरून पाहिले. पुसलेल्या अंकाच्या जागी पांढऱ्या कागदाचा गाभाच वर आला आहे, त्यामुळे उठाव राहिलेला नाही. आवृत्तीच्या जागी ग्रीस आणि लोखंडाचा कीस बसला आहे. रॉकेलच्या बोळ्याने पुसायला गेलो तर उरलेले ‘१०२’ सुद्धा फिकट होऊ लागले, म्हणून थांबलो. गोदातीर काका, कायद्याची बाजू समजली. येत्या सुट्टीत सेट घेऊन नांदेडला येईन, परंतु तोवर प्रक्षेपण न करता काही शोधता येत असेल तर शिकायची इच्छा आहे. माझ्या पुतण्याकडे संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) आहे.

येरमाळ्याची (धाराशिव)

डोंगल असेल तर काम फार सोपे आहे, आणि प्रक्षेपणाची अजिबात गरज नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिले आहे.

असा प्रत्येक सेट ऐकत असतानाही आत एक ऑसिलेटर चालवत असतो. येणारा सिग्नल आणि हा ऑसिलेटर यांच्यातला फरक ठरावीक ठेवून सेट तो सिग्नल एका मध्यम फ्रिक्वेन्सीवर उतरवतो, आणि बहुतेक सेटांत ही पहिली मध्यम फ्रिक्वेन्सी ४५ ते ५० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. ऑसिलेटरची थोडीशी शक्ती अँटेनाच्या खटक्यातून आणि खोक्याच्या फटींतून बाहेर झिरपते. ती इतकी क्षीण असते की शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही, पण सेटजवळ ठेवलेल्या डोंगलला ती पडद्यावर एका उभ्या, स्थिर रेघेसारखी दिसते.

आता हिशेब पाहा. सेट व्हीएचएफचा, म्हणजे १३६ ते १७४ मधला असेल आणि ऑसिलेटर वरच्या बाजूने चालत असेल, तर रेघ १८१ ते २२४ च्या दरम्यान कुठेतरी दिसायला हवी. खालच्या बाजूने चालत असेल तर ८६ ते १२९ च्या दरम्यान. सेट यूएचएफचा असेल तर ती ३५० च्या खाली येण्याचे कारण नाही. दोन्ही हद्दी एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून नुसती रेघ कुठे आहे एवढ्यावरून पट्टा कळतो.

रेघ तुमच्याच सेटची आहे हे पडताळायचे दोन उपाय आहेत. सेट बंद केल्यावर ती नाहीशी झाली पाहिजे, आणि चॅनेल बदलल्यावर जागेवरून सरकली पाहिजे. डोंगलच्या आत आणि लॅपटॉपच्या चार्जरमुळे पुष्कळ खोट्या रेघा दिसतात, त्या या परीक्षेत टिकत नाहीत. माईक मात्र काढूनच ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबले जाणार नाही.

सोल्डरची वाफ (छत्रपती संभाजीनगर)

येरमाळ्याच्या ताईंनी सुंदर मांडले आहे. त्यात वीजपुरवठ्याचे पुरवणी कलम जोडतो. तोडलेल्या वायरीत लाल ही धन आणि काळी ही ऋण असेलच असे गृहीत धरू नका. आधीच्या माणसाने मधे दुसरीच वायर जोडलेली असू शकते. मल्टिमीटर लावून, सेटच्या धातूच्या खोक्याशी जी वायर सरळ जोडलेली आहे ती ऋण, हे आधी नक्की करा. नुसत्या ऐकण्यासाठी सेटला एक अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह पुरतो, म्हणून वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज घाला. उलट जोडणी झाली तर फ्यूज उडेल आणि सेट वाचण्याची आशा राहील. प्रक्षेपणाला पंचवीस वॅटचा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणजे माईक लावून कोणी बटण दाबलेच, तरी हा लहान फ्यूज तेही थांबवील.

दुधनाकाठ (जालना)

काल रात्री पुतण्यासोबत करून पाहिले. माईक काढला, फ्यूज घातला, जोडणी मल्टिमीटरने तपासली. सेट सुरू झाला. डोंगलचा लहान अँटेना सेटच्या अँटेनाच्या खटक्यापासून बोटभर अंतरावर धरला, तेव्हा सुमारे ४११.२ मेगाहर्ट्झवर एक बारीक, ठाम रेघ दिसली. चॅनेल बदलल्यावर ती किंचित उजवीकडे सरकली, पुन्हा बदलल्यावर आणखी सरकली, आणि सेट बंद करताच गेली. म्हणजे सेट यूएचएफ ठरला, असे समजायला हरकत नाही ना?

मांजरापट्टा (लातूर)

हरकत आहे. मी रेडिओचा अभियंता नाही, पण एवढे माहीत आहे की कुठलाही ऑसिलेटर मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुपटीवर आणि तिपटीवरही थोडे थोडे गळत असतो. ४११.२ ची निम्मी २०५.६ होते, आणि ताईंनी व्हीएचएफसाठी दिलेल्या १८१ ते २२४ या हद्दीत ती बरोबर मधोमध बसते. तुम्ही पाहिलेली रेघ दुपटीची असेल, तर सेट १५५ ते १६० च्या आसपासचा, म्हणजे व्हीएचएफचा निघेल आणि माझा पहिला अंदाज खरा ठरेल.

येरमाळ्याची (धाराशिव)

शंका अगदी योग्य आहे आणि ती मीच आधी लिहायला हवी होती. निवाडा सोपा आहे. २०५.६ वर पाहा. सेट व्हीएचएफ असेल तर तिथली रेघ ४११.२ पेक्षा ठळक दिसेल, कारण मूळ सहसा दुपटीपेक्षा बलवान असते. सेट यूएचएफ असेल तर २०५.६ वर काहीच दिसणार नाही आणि उलट ८२२.४ वर पुसटशी रेघ मिळण्याची शक्यता आहे. सरकण्याचे मापही घ्या: चॅनेल बदलल्यावर ४११.२ जेवढी सरकते, त्याच्या बरोबर दुप्पट ८२२.४ सरकली पाहिजे.

दुधनाकाठ (जालना)

तपासले. २०५.६ वर सेट चालू असो वा बंद, पडदा सारखाच राहतो. ८२२.४ वर फार पुसट रेघ आहे. डोंगल खटक्याला जवळजवळ चिकटवल्यावरच दिसते, पण दिसते, आणि चॅनेल बदलताना दुप्पट अंतराने सरकते. तेव्हा पुसलेला अंक ८ आहे.

सोल्डरची वाफ (छत्रपती संभाजीनगर)

अंक ८ आहे हे मान्य. आता मर्यादेकडे वळू. ४११.२ मध्ये ४५ ते ५० मिळवले तर ४५६ ते ४६१ येतात; वजा केले तर ३६१ ते ३६६ येतात, आणि हा तुकडा टीके-८१०२ च्या वाट्याचा नाही. म्हणून आधीच्या मालकाची फ्रिक्वेन्सी ४५६ ते ४६१ च्या दरम्यान होती असे म्हणता येते. यावरून सेट ४०० ते ४३० सारख्या खालच्या तुकड्याचा नाही एवढे सिद्ध झाले. परंतु भरलेली फ्रिक्वेन्सी हा मर्यादेच्या आतला एक बिंदू असतो. मर्यादेची कड कुठे आहे, हे त्या बिंदूवरून समजत नाही.

सेट उघडून पाहण्याचा मार्ग आहे. पुष्कळ गाडीतल्या सेटांत शेवटची शक्ती वाढवणारा भाग मित्सुबिशीच्या तयार मॉड्यूलचा असतो आणि त्या मॉड्यूलच्या नावातच सगळा हिशेब लिहिलेला असतो. ‘आरए३०एच४०४७एम’ असे लिहिले असेल तर ३० वॅट आणि ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. ‘आरए३०एच१३१७एम’ असेल तर तेवढेच वॅट, पण १३५ ते १७५. ‘४४५२’ हे अंक दिसले तर ४४० ते ५२०. मात्र मॉड्यूलची मर्यादा ही सेटची मर्यादा नव्हे. कंपनी एकच मॉड्यूल दोन आवृत्त्यांत वापरू शकते, आणि काही सेटांत मॉड्यूल नसून सुटे ट्रान्झिस्टर असतात. ते फार जुने असतील आणि त्यांवर पांढऱ्या चिनी मातीसारखे टोपण असेल, तर ते कानसू किंवा फोडू नका. काहींत बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक आहे.

माझे मत विचाराल तर झाकण उघडू नका. प्रोग्रॅमिंगची केबल लावून सेट वाचणे, हाच सरळ मार्ग आहे.

गोदातीर (नांदेड)

दुधनाकाठ परवा येऊन गेले. सेट माझ्या टेबलावर प्रोग्रॅमिंग केबलला लावला. वाचण्याआधी मॉडेल आणि आवृत्ती निवडावी लागते. टीके-७१०२ निवडल्यावर संवाद जुळला नाही, टीके-८१०२ निवडल्यावर जुळला आणि आवृत्ती ४५० ते ४९० ची निघाली. चॅनेलमधील फ्रिक्वेन्सी कोणत्या होत्या ते इथे लिहिणार नाही, कारण त्या दुसऱ्या कोणाला मंजूर झालेल्या आहेत. येरमाळ्याच्या ताईंचा हिशेब बरोबर होता, एवढे मात्र सांगतो. मूळ फाइल जपून ठेवली आणि सेटमधले चॅनेल पुसून टाकले.

थोडक्यात, सेट उत्तम चालतो, पण आपल्या ४३४ ते ४३८ साठी तो नाही. ४३६ भरायचा प्रयत्न केला तर सॉफ्टवेअरने नकार दिला.

दुधनाकाठ (जालना)

काकांनी चहा पाजून हे सांगितले, त्यामुळे निराशा थोडी सौम्य झाली. दोन प्रश्न उरले आहेत. सॉफ्टवेअरला चकवून ४३६ भरता येते असे काही जण सांगतात, ते खरे आहे का? आणि ४४६.० ते ४४६.२ या पट्ट्याला परवाना लागत नाही असे ऐकले आहे. तो माझ्या सेटच्या कडेला अगदी जवळ आहे, तर तिथे चालवता येईल का?

सोल्डरची वाफ (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्याचे उत्तर असे की फाइलमध्ये फेरफार करून आकडा बसवता येतो, पण आकडा बसला म्हणजे सेट बसला असे होत नाही. ऑसिलेटरला खाली खेचायला लागणारा व्होल्टेज एका टोकाला जातो आणि मग तो थंडीत स्थिर राहतो व आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बोनेटजवळ सुटतो. ज्या सेटांत ही चूक ओळखायची सोय आहे, ते सुटताच सलग आवाज काढतात किंवा प्रक्षेपण रोखतात. ज्यांत ती नीट नाही, ते भलत्याच जागी प्रक्षेपण करू शकतात. ग्रहणाच्या फिल्टरांचीही तीच कथा आहे: जवळचा रिपीटर (सिग्नल घेऊन पुन्हा पुढे पाठवणारे केंद्र) ऐकू येतो, म्हणून माणूस खूश होतो आणि दूरचे स्टेशन का येत नाही याचे कारण अँटेनात शोधत बसतो. गुंडाळ्या बदलून सेट खाली आणता येतो, पण त्याच्या मजुरीत योग्य आवृत्तीचा दुसरा सेट मिळेल.

गोदातीर (नांदेड)

दुसऱ्याचे उत्तर नाही असे आहे. ४४६.० ते ४४६.२ ची सूट ही अत्यंत कमी शक्तीच्या, त्या नियमांत बसणाऱ्या उपकरणांसाठी आहे. पंचवीस वॅटचा सेट त्या फ्रिक्वेन्सीवर लावल्याने तो सूटपात्र होत नाही. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच गैरसमजामुळे बोकाळलेल्या विक्रीला आवर घालण्यासाठी होती.

दुधनाकाठ (जालना)

समजले. त्याच व्यापाऱ्याकडे आणखी एक सेट आहे. पट्टीचा फोटो काढून आणला आहे आणि या वेळी पट्टी पूर्ण वाचता येते: मोटोरोला, मॉडेल ‘एम३४जीएमसी’ ने सुरू होते. म्हणजे जीएम३००, यूएचएफ. हा चालेल का? पैसे अजून दिलेले नाहीत.

सोल्डरची वाफ (छत्रपती संभाजीनगर)

पैसे दिले नाहीत ते बरे केले. जीएम३०० च्या यूएचएफमध्ये ४०३ ते ४३३ असा एक तुकडा आहे आणि ४३८ ते ४७० असा दुसरा; वरचे तुकडे तर आपल्यापासून फारच दूर आहेत. आपला ४३४ ते ४३८ हा पट्टा या दोन तुकड्यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. काठावरचे काही सेट फटीत थोडे आत येतात, परंतु ते ज्याचे त्याच्या नशिबाने. त्याच व्यापाऱ्याकडे ‘एम३३जीएमसी’ आहे का ते विचारा, आणि असेल तर पट्टीवरचा पूर्ण क्रमांक इथे टाका, कारण त्यातही १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ असे दोन तुकडे आहेत आणि तुम्हाला फक्त पहिला चालेल.

दुधनाकाठ (जालना)

विचारले. एक आहे म्हणतो, पण ट्रकखाली दबलेल्या ढिगात आहे, सोमवारी काढून ठेवील. पट्टीचा फोटो पाठवायला सांगितला आहे. आला की पूर्ण क्रमांक इथे टाकतो, आणि सेट घ्यायचाच झाला तर व्यापाऱ्याकडून थेट गोदातीर काकांकडे पोहोचवतो.